अकरा मिनिटांचा एकटा श्रोता

मी एक जुना माइक आहे. डोके जाळीचे, एका बाजूला चेपलेले. अंगावरचा काळा रंग जिथे माणसांची बोटे पडतात तिथे उडालेला. मला तार होती, पण ती इथून सात गल्ल्या पलीकडे एका बंद सभागृहात वेटोळे करून पडली आहे. मित्रांनो, तार नसलेल्या माइकला ऐकू सगळे येते आणि पुढे पोचवता काहीच येत नाही.

शेवटचा साधा दिवस मला चांगला आठवतो. मार्चमधला गुरुवार होता. रोसारियो शहरातल्या आमच्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, मागे सभागृह आहे. तिथे दर गुरुवारी चार वाजता व्याख्यान मंडळ जमायचे. त्या दिवशी पराना नदीवर चाळीस वर्षे जहाजांना वाट दाखवलेले एक गृहस्थ आले होते. नदीतली वाळू पुरानंतर जागा कशी बदलते, ते त्यांनी सांगितले. मग प्रश्नांसाठी मी श्रोत्यांमध्ये फिरलो. सत्त्याऐंशी वर्षांच्या फान्याबाईंनी मला दोन्ही हातांनी धरले आणि आपल्या काकांच्या बोटीची हकीकत सुरू केली.

"फान्या, प्रश्न विचार गं, प्रश्न!" मागून कुणीतरी ओरडले.

"विचारते रे! आधी बोट धक्क्याला तर लागू दे."

सगळे हसले, पण कुणी मला ओढून घेतले नाही. मंडळाचा हा एकच कडक नियम होता. ज्याच्या हातात माइक, त्याचे बोलणे. पुढच्याने शेजारी उभे राहून तळहात पुढे करायचा आणि वाट बघायची. नियम घातला होता मंडळाचे अध्यक्ष इसिदोरो यांनी. ते म्हणायचे, "आपल्या आईबापांना गप्प बसवणारे पुष्कळ भेटले. इथं तरी कुणी कुणाला गप्प बसवायचं नाही."

माझा जन्म याच शहरातल्या एका लहान कारखान्यात झाला. केसांहून बारीक तांब्याची तार एका बाईने माझ्या पोटात गुंडाळली, आणि जाळी बसवल्यावर ती माझ्या तोंडाशी येऊन "एक, दोन, तीन" म्हणाली. मी ऐकलेला तो पहिला आवाज. मंडळात आलो तेव्हा माझे फार कौतुक झाले. यात कुजबुजसुद्धा ऐकू येते, असे लोक म्हणत. पुढे कॉलरला लावायचा नवा माइक आला आणि मी तीन वर्षे खणात पडून होतो. पण तो नवा माइक हातातून हातात देता येईना. बोलायची पाळी आता कुणाची, हेच कळेना. मग मला परत बाहेर काढले.

त्या गुरुवारनंतर आठवड्याभरात साथ आली आणि सारे शहर बंद झाले. इसिदोरो घाईघाईने सभागृहात आले, मला कोटाच्या खिशात टाकले आणि घरी घेऊन आले. तार न्यायला ते विसरले.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे. खिडकी उघडली की हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. त्यांची मुलगी नोएमी शाळेत भूगोल शिकवते. एकोणऐंशी वर्षांचे वडील एकटे कसे राहतील म्हणून ती एक पिशवी घेऊन पंधरा दिवसांसाठी आली.

एप्रिलमध्ये मंडळाची पहिली बैठक संगणकावर भरली. पडद्यावर एकोणीस चौकटी आणि एकोणीस म्हातारे चेहरे होते. इसिदोरो यांनी मला तोंडाशी धरून स्वागत केले. "बाबा, तो कशालाच जोडलेला नाही," नोएमी म्हणाली.

"मला ठाऊक आहे. पण हात रिकामा असला की मला वाक्य सुचत नाही."

मग त्यांनी विचारले, "कुणाला बोलायचंय?" आणि पडदाभर तळहात पुढे आले. जो तो नियमाप्रमाणे थांबला. माइक कुणाच्याच हातात नव्हता, त्यामुळे कुणी बोलेना. मिनिटभर नुसते तळहात. मग एकदम एकोणीस जण बोलू लागले. फान्याबाई सफरचंद भरून भाजलेले स्ट्रुडेल पडद्यासमोर धरून "घ्या ना, घ्या!" म्हणत राहिल्या.

शेवटी ठरले की कुणाचा आवाज चालू आणि कुणाचा बंद, ते नोएमीने बघायचे. दोन संगणक एका खोलीत आले की कर्कश शिट्टी वाजायची, म्हणून ती आपला संगणक घेऊन स्वयंपाकघरात दार लावून बसू लागली. इसिदोरो तिला म्हणाले, "माइक आता तुझ्या हातात. नियम तोच."

पंधरा दिवसांचे पाच महिने झाले. ती पिशवी कपाटात गेली. नोएमी भिंतीकडे बघत कॉफी प्यायची. इसिदोरो तीच बातमी तिसऱ्यांदा मोठ्याने वाचायचे. दोघे एकमेकांशी फार चांगले वागत, आणि त्या चांगुलपणानेच हवा आणखी जड होई. मी टेबलावर पडून ऐकायचो.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी व्याख्यान लांबले. लोक पेंगू लागले होते. आभार मानायची पाळी अध्यक्षांची. इसिदोरो यांनी मला उचलले आणि वक्त्यांचे, मग वक्त्यांच्या गुरूंचे, मग मंडळाच्या दिवंगत सभासदांचे आभार मानायला सुरुवात केली. स्वयंपाकघरात नोएमीने बटण दाबले. वडिलांचा आवाज बंद झाला. "धन्यवाद, पुढच्या गुरुवारी भेटू," असे तिनेच सर्वांना सांगितले आणि संगणक मिटून भाज्या चिरायला घेतल्या. लोकांनी निरोपाचे हात हलवले. बोलण्याच्या भरात तिचे शब्द इसिदोरो यांच्या कानी गेलेच नाहीत; त्यांना वाटले, हात आपल्या बोलण्याला हलवले. रंगात आले की चष्मा काढायची त्यांची सवय; त्यांनी तो काढला, आणि चौकटी एकेक करून गेल्या ते त्यांना दिसले नाही. ते आणखी अकरा मिनिटे बोलले.

"आणि आता माझ्या मुलीचे आभार," ते म्हणाले. "ती पंधरा दिवसांसाठी आली होती. परवा फोनवर मैत्रिणीला सांगत होती, मी इथं अडकलेय म्हणून. खरंय तिचं. मी रोज सकाळी ठरवतो, आज तिला जा म्हणायचं. आणि रोज तिच्याकडे कॉफी मागतो. नोएमी, तू घरी जा. मला भीती वाटते, पण तू जा."

मग ते मला हातात घेऊनच स्वयंपाकघरात गेले.

"ऐकलंस ना सगळं?"

नोएमीने मान वर केली नाही. "हो."

"सगळं?"

"सगळं, बाबा."

"मग सुटलो बुवा! समोर बसून मला हे कधी जमलं नसतं."

तिचा चाकू थांबला. आपण काहीतरी घालवले, हे तिला त्या क्षणी कळले. पण "काय म्हणालात?" असे विचारायचे, तर "मी तुम्हाला गप्प केलं" हेही सांगावे लागले असते. तिने पुन्हा चिरायला सुरुवात केली. मी ओरडलो असतो, मित्रांनो. पण माइकला स्वतःचा आवाज नसतो.

दुसऱ्या दिवशी इसिदोरो यांनी कपाटातून तिची पिशवी काढली, पुसली आणि तिच्या दाराशी ठेवली.

"ही कशाला काढलीत? पाय अडकतोय," नोएमी म्हणाली आणि पिशवी परत कपाटात ठेवून आली.

ते तिच्याकडे बघून हसले. त्यांना उत्तर मिळाले होते. तिला मात्र प्रश्नच माहीत नव्हता.

नऊ दिवसांनी त्यांना ताप आला. त्यांना इस्पितळात नेणाऱ्या रुग्णवाहिकेत तिला बसता आले नाही. पाचव्या दिवशी परिचारिकेने त्यांच्या कानाला फोन लावला. इकडे नोएमीने आपला फोन टेबलावर, माझ्याजवळ ठेवून आवाज मोठा केला होता.

"तू ऐकलंस," त्यांचा श्वास मध्येच अडकत होता, "आणि तरी राहिलीस. मला तेवढं पुरे."

"हो, बाबा," ती म्हणाली. दुसऱ्यांदा.

दोन दिवसांनी ते गेले. आमच्या रीतीप्रमाणे सुतकाचे सात दिवस ती बुटक्या स्टुलावर बसली, पण एकटी. आरशावर चादर टाकलेली. भेटायला येणे कुणालाच शक्य नव्हते. शेजारी दाराबाहेर डबे ठेवून जायचे आणि जिना उतरल्यावर फोन करायचे. कितीदा तरी तिने मला उचलले आणि पुन्हा खाली ठेवले.

मित्रांनो, तुम्ही माझ्यासारख्या जुन्या वस्तू पुसून ठेवा, त्यांच्या तारा सांभाळा, हे तर मी सांगणारच. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. कुणी "ऐकलंस ना?" असे विचारले आणि तुम्ही ऐकले नसेल, तर "नाही, परत सांगा" म्हणा. त्याला राग आला, तर तो येऊ द्या.

तिसाव्या दिवशी मंडळ पुन्हा पडद्यावर जमले. आमच्याकडे त्या दिवशी घरच्यांनी गेलेल्या माणसाबद्दल बोलायचे असते. इसिदोरो यांच्या खुर्चीत नोएमी बसली होती. तिच्याजवळ चार पाने लिहून आणलेली होती. आवाज फक्त तिचा आणि फान्याबाईंचा चालू होता.

"बोल पोरी," फान्याबाई म्हणाल्या. "आम्हाला कुठं जायचंय? घाई नाही."

तिने पाने उलटी करून ठेवली. मला उचलून तोंडाशी धरले. तिचा श्वास माझ्या जाळीवर आदळला.

"बाबा," ती म्हणाली, "मी खोटं बोलले. तुमचा आवाज मी बंद केला होता. मला एक शब्दही ऐकू आला नव्हता. काय म्हणालात तुम्ही?"