कौल कोंबडीचा, हात तांपुरीचा

शिया नावाच्या तेलबीच्या झाडाखाली अख्खं गाव श्वास रोखून उभं होतं. भूमाईचा पुजारी तांपुरी याने कोंबडी झग्याखाली नेली, काहीबाही पुटपुटला, तिची मान चिरली आणि तिला फेकलं. उताणी मेली तर समोर उभी केलेली अझारा निर्दोष, पालथी मेली तर चेटकीण. कोंबडी पालथी पडली. भूमाई बोलली, म्हणून लोकांनी माना डोलावल्या.

अझाराने पोरीला पोटाशी धरलं. नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं. दिराशी पाट लावायला तिने नकार दिला, आणि आठवड्याच्या आत म्हणे ती दिराच्या स्वप्नात गळा आवळायला येऊ लागली! आता पोरीला मागे ठेवून तिला चेटकिणींच्या वस्तीवर जायचं होतं.

कौल संपला की कोंबडी पुजाऱ्याच्या हंडीत जाई. ती सोलायचं काम लामिसी म्हातारीकडे. तामालेच्या बाजारात चाळीस वर्षं कोंबड्या विकलेली बाई. कोंबडी उचलताच तिचा हात थबकला. पाठीवर डावा पंख उजव्याखाली खोचलेला होता. पाटीतली कोंबडी फडफडू नये म्हणून ती स्वतः रोज अशीच अढी घालायची.

"तांपुरीबाबा, भूमाईनं माझा धंदा कधीपासून सुरू केला?"

पवित्र कोंबडीला बाईने शिवू नये, असं तांपुरी गुरगुरला.

"सोलताना चालतं की."

तिने आपल्या विकायच्या पाटीतून दोन कोंबड्या काढल्या आणि सगळ्यांसमोर त्यांच्या पंखांना अढी घातली. पहिली दिराच्या नावाने कापली. पालथी. दुसरी तांपुरीच्या नावाने. तीही पालथी. पंखच बांधलेले, तर उलटणार कशी?

"चला, वस्तीवर आता तिघं जाणार," लामिसी म्हणाली. आधी बायका हसल्या, मग पुरुष.

एक म्हातारा कुरकुरला, "पण भूमाईचा धाक नसेल, तर गावाला वळण कोण लावणार?"

"गेल्या साली तुमच्या बकऱ्या चोरीला गेल्या, दादा. चोर सगळ्यांना ठाऊक होता. त्याच्या नावानं कापली का कोंबडी? हा धाक बरा फक्त विधवांची घरं ओळखतो."

 दीर केव्हाच पसार झाला होता. अझाराने पोरीचा हात धरला आणि स्वतःच्या घराची वाट धरली. तांपुरीची हंडी त्या दिवशी रिकामीच राहिली.

देवाच्या नावाने कुणी निवाडा देऊ लागला, की आधी त्याच्या हातांकडे बघावं.