कासवाच्या दारावरची फळी

वर्डेल मोब्लीने आजवर आपलं पाइनचं रान अठ्ठावीस वेळा पेटवलं होतं आणि अठ्ठावीस वेळा ते पुन्हा हिरवं झालं होतं. दक्षिण जॉर्जियात ही रीतच आहे. हिवाळा सरता सरता रान जाळलं की झुडपं माजत नाहीत, खाली ऊन पोचतं, गवत येतं आणि त्या गवतावर जमिनीत बिळं खणून राहणारी कासवं जगतात. पण गेली दोन वर्षं हुकली होती. यंदाची परवानगी आजपुरतीच होती आणि दुपारी दोनला वारा फिरून धूर हमरस्त्यावर जाणार होता. त्याआधी जाळणं झालं नाही, तर कासवं बिऱ्हाड हलवणार हे नक्की.

पेटवण्याआधी बिळांवरून एक फेरी मारायचा तिचा शिरस्ता. आज पहिल्याच बिळावर प्लायवूडची फळी, वर वीट. दुसऱ्यावरही तेच. एकोणीस बिळं, एकोणीस फळ्या.

शेजारी कर्टिस हॅडली कुंपणापाशी समाधानाने उभा होता. अटलांटाहून आलेला निवृत्त दंतवैद्य. आग आत शिरून कासवं भाजू नयेत म्हणून काल दिवसभर खपल्याचं त्याने सांगितलं.

“आभार नकोत, मिस वर्डेल.”

“मानत नाहीये. उचला.”

बीळ तीस फूट लांब असतं, आग वरून जाते, आणि ज्यांना घर नाही ते सगळे त्यात शिरतात, एवढं तिने चालता चालता सांगितलं. दंतवैद्य पळत पळत एकोणीस फळ्या उचलू शकतो, हेही तिला त्या दिवशीच कळलं.

साडेअकराला तिने मशाल टेकवली. दोघं आग अडवायला नांगरलेल्या पट्ट्यावरून एका बिळाकडे बघत राहिले. आधी ससा आत गेला. मग दोन बेडूक. मग मनगटाएवढा जाड खुळखुळ्या साप, शेपटी अजिबात न खुळखुळवता.

“तो सशाला खाईल ना?” कर्टिसने हळूच विचारलं.

“तुमच्या दवाखान्यात बाहेर बसलेली माणसं एकमेकांना चावायची का?”

कर्टिसने विचार केला. नाही चावायची.

पावणेदोनला आग पट्ट्याशी येऊन विझली. दोनला वारा फिरला. तासाभराने कासव बाहेर आलं आणि घरमालकाच्या तोऱ्यात राखेकडे बघत बसलं.

मग स्वतःच्या रानात एकही बीळ का नाही, असं कर्टिसने विचारलं. वर्डेलने कुंपणापलीकडच्या गच्च झुडपांकडे पाहिलं.

“पुढच्या फेब्रुवारीत मशाल घेऊन या. फळ्या घरीच ठेवा.”