शेवटची सायकल

“ओ!” एवढंच त्याच्या तोंडून निघालं, आणि तेही सायकलीखालून.

कालव्याच्या कडेचा रस्ता तिथे उताराला लागतो आणि लगेच डावीकडे वळतो. वळणावर कुणीतरी खडी ओतून ठेवली होती. पुढच्या सायकली तिला वळसा घालून नीट गेल्या. सायकल मंडळाचा तसा शिरस्ताच होता, पुढच्याने मागच्याला ओरडून सांगायचं. “खडी! खडी!” असं पुढून ऐकू येत होतं, पण तो निरोप शेवटच्या माणसापर्यंत काही पोचला नाही. चाक सरकलं, त्याने उजवा हात जमिनीवर टेकला आणि मनगटात काहीतरी चर्रकन झालं.

मान वर करून पाहिलं तेव्हा त्याच्या पुढे असणाऱ्या सिस्टरचं निळं हेल्मेट वळणाआड जात होतं. मग रस्ता मोकळा झाला. खालून हसण्याचा आवाज आला, मंडळातल्या वकिलाने काहीतरी विनोद केला असावा. मग तोही आवाज गेला.

मंडळात त्याला सगळे गार्ड म्हणत. जन्मभर तो मालगाडीवर गार्ड होता. मालगाडीचा गार्ड म्हणजे शेवटच्या डब्यात एकटा माणूस. पुढे कोळसा, सिमेंट, नाहीतर खताच्या गोण्या. बायको हयात होती तेव्हा थट्टेने विचारायची, “तुम्हाला माणसांच्या गाडीवर का हो घेत नाहीत?” तो म्हणायचा, “माल उलटून बोलत नाही ना, म्हणून मीच सोडत नाही.” ती गेल्यावर घर त्या डब्यासारखंच झालं. फरक एवढाच, की डबा निदान कुठेतरी जात असे.

लेक दूर होती, तिच्या संसारात बुडालेली. तिनेच फोनवर लकडा लावला होता. “बाबा, माणसांत जा. ज्येष्ठांचं सायकल मंडळ आहे ना तुमच्या भागात? नुसतं फिरायचं, चहा प्यायचा, गप्पा मारायच्या. शर्यत थोडीच आहे!” तेव्हा त्याने माळ्यावरची सायकल उतरवली आणि एका रविवारी भीत भीत बागेच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला. मंडळाचे अध्यक्ष बँकेत मॅनेजर होते, मोठा दिलखुलास माणूस. त्यांनी नोकरी विचारली आणि टाळीच वाजवली. “अहो, आयताच गार्ड मिळाला की आपल्याला! आजपासून शेपटाला तुम्ही. कुणी मागे राहिलं, कुणाची साखळी उतरली, तर शिट्टी वाजवायची.”

सगळे हसले, तोही हसला. त्या रात्री त्याला छान झोप लागली होती. कुणीतरी आपल्याला काम दिलंय, या गोष्टीचं त्याला किती अप्रूप वाटलं होतं ते त्याने लेकीलाही सांगितलं नाही.

शिट्टी आत्ताही गळ्यात होती. त्याने ती डाव्या हाताने चाचपली, ओठात धरली. एक जोरदार फुंकर घातली असती तर अध्यक्षांनी हात वर केला असता, रांग थांबली असती, आणि ती सगळी म्हातारी माणसं दुखरे गुडघे घेऊन हा चढ परत चढून आली असती. कुणासाठी? आपल्यासाठी? हे त्याला काही झेपेना. शिट्टी ओठात तशीच राहिली. मग त्याने ती सोडून दिली.

टपरीवर लक्षात येईलच, असं त्याने मनाशी म्हटलं. चहाला सगळे बसले की कुणीतरी विचारेल, गार्ड कुठायत? मग फोन येईल.

सायकल ओढत त्याने कडेला घेतली आणि वळणावरच रस्त्याखालून जाणाऱ्या मोरीच्या कठड्यावर बसला. मनगट बघता बघता टम्म सुजलं. कोपराला खरचटलं होतं, त्यात बारीक खडी रुतली होती. फोन त्याने मांडीवर ठेवला, आवाज वाढवला, आवाज वाढलाय ना हे दोनदा पाहिलं. आपण फोन करावा असंही मनात आलं. पण फोन करून सांगायचं काय? मी मागे आहे म्हणून? मागे तर तो नेहमीच असे.

ऊन वर आलं. कालव्याच्या पाण्यात एक चप्पल वाहत आली, कठड्यापाशी अडकली, मग सुटून गेली. तो तिच्याकडे बघत राहिला.

फोन वाजला तेव्हा तो इतका दचकला की फोन खडीत पडला. पण फोन कुणाचा नव्हता, मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला होता. टपरीसमोर सगळे उभे होते, हातात चहाचे पेले, चेहऱ्यांवर ऊन. खाली अध्यक्षांनी लिहिलं होतं, ‘झकास राईड! सगळे हजर, सगळे ठणठणीत!’

त्याने फोटो मोठा करून पाहिला. कुठे रिकामी जागा दिसते का, ते शोधलं. माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. मध्ये बोट शिरायलाही जागा नव्हती.

त्याला राग आला नाही. राग यायला हवा होता, असं त्याचं त्यालाच वाटलं. त्याला लाज वाटली, वाढदिवस नसताना नवे कपडे घालून बसलेल्या माणसाला वाटावी तशी.

शेवटी रोपवाटिकेची एक छोटी गाडी आली. चालवणारी बाई खिडकीतून वाकून म्हणाली, “आजोबा, पडलात का?”

“नाही, बसलोय.”

“खडीशेजारी?”

“हवा चांगली आहे.”

बाईने त्याच्या हाताकडे पाहिलं आणि खाली उतरली. तिने कुंड्या सरकवल्या, सायकल आडवी घातली आणि त्याला पुढे बसवलं. वाटेत विचारलं, “घरी कुणाला फोन लावू?”

“नको. उगीच काळजी करत बसतील,” तो म्हणाला. घराला सकाळी कुलूप त्यानेच लावलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरने हात दाबून पाहिला, एक्स-रे काढला. हाड चिरलं होतं. प्लॅस्टर घालता घालता डॉक्टर म्हणाला, “बरोबर कोण आहे तुमच्या?”

“आहेत ना. पुढे गेलेत.”

डॉक्टरने दाराकडे पाहिलं. बाहेरच्या बाकावर कुणी नव्हतं. “बरं,” म्हणाला, आणि गोळ्या कधी घ्यायच्या ते त्यालाच समजावून सांगू लागला, हळू आणि मोठ्याने, बहिऱ्याला सांगतात तसं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज होता, ती कामं उरकता उरकता बोलत होती.

“काय बाबा, कशी झाली राईड?”

“मस्त. कालव्यावरून गेलो होतो.”

“फोटो पाठवा की मग.”

त्याने डाव्या अंगठ्याने खटपट करून फोटो पाठवला. भांड्यांचा आवाज थांबला.

“तुम्ही कुठे आहात यात?”

“मीच काढला.”

“तुम्हीच बरे सापडता त्यांना! सांगा ना कुणाला तरी, माझाही काढा म्हणून. आणि आवाज असा का येतोय?”

“चहा गरम होता, जीभ भाजली.”

ती हसली. तिला हसताना ऐकून त्याला बरं वाटलं. फोन ठेवल्यावर मात्र तो बराच वेळ दिवा न लावता बसून राहिला.

आठवडाभर तो वाट बघत होता. कशाची, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ग्रुपवर सकाळचे नमस्कार येत, गुडघ्यांचे उपाय येत, कुणाच्या नातवाचं बक्षीस येई. त्याने पूर्वीसारखंच प्रत्येकाला अंगठ्याचं चित्र पाठवलं. रविवार उजाडला तेव्हा जावं की न जावं, यात तो आंघोळ होईपर्यंत घुटमळला. मग मंडळाचा नारिंगी शर्ट प्लॅस्टरवरून कसाबसा चढवला आणि पायीच बागेच्या फाटकाकडे निघाला.

“अरे अरे अरे! हे काय करून घेतलंत?” अध्यक्ष सायकल स्टँडला न लावताच धावत आले. सगळे भोवती जमले.

“मोरीपाशी घसरलो,” तो म्हणाला. खोटं न बोलताही खोटं बोलता आलं याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. सगळ्यांना घरातली मोरीच डोळ्यांसमोर आली. मग सल्ल्यांचा नुसता पाऊस पडला. एकाने रबरी चटई सांगितली, दुसऱ्याने भिंतीला दांडा बसवायला सांगितला. प्रत्येकाकडे आपापल्या घसरण्याची कहाणी होती.

“आणि कळवायचं नाही होय?” अध्यक्ष खरोखरच दुखावले होते. “आम्ही काय परके आहोत? डबा आणून दिला असता, आळीपाळीने सोबतीला आलो असतो.”

ते मनापासून बोलत होते, हीच तर पंचाईत होती. आले असते ते. कुणी वाईट माणूस नव्हता त्यांच्यात.

“गेल्या रविवारी तर अगदी ठणठणीत होते,” वकील म्हणाला. “टपरीवर माझ्या शेजारीच बसले होते. बिस्किट बुडवून खात होते, बुडवता बुडवता पडलं चहात. आठवतंय ना, गार्ड?”

सगळे त्याच्याकडे पाहून हसत होते.

“हो,” तो म्हणाला. “पडलं होतं.”

सिस्टर तेवढी हसली नाही. तिची उभी हयात अपघात विभागात गेली होती. मंडळात सगळ्यात हळू तीच चालवायची, त्यामुळे रांगेत तिचा नंबर नेहमी त्याच्या पुढचा. बाकीचे टायरमध्ये हवा भरायला पांगले तशी ती जवळ आली, त्याचा कोपर धरून उजेडाकडे वळवला. खडी रुतल्याच्या खुणा अजून दिसत होत्या.

“घरातल्या मोरीत खडी कुठून आली हो?” तिने हळूच विचारलं.

तो रस्त्याकडे बघू लागला.

“कालव्याच्या वळणावर?”

“जाऊ दे, सिस्टर.”

“जाऊ दे काय! मी सांगते आत्ताच्या आत्ता सगळ्यांना.”

“नको. वाईट वाटेल त्यांना.”

“वाटू दे की! वाटायलाच हवं.” तिचा आवाज चढला, तसं तिनेच इकडेतिकडे पाहिलं. मग कोपर सोडून दिला. “ती खडी मी पाहिली होती,” ती म्हणाली. “माझ्या पुढचा ओरडला, मग मी ओरडायचं होतं. माझ्या मनात आलं, मागे गार्ड आहेत, त्यांना काय सांगायचं! आणि टपरीवर… मला मागे वळून बघायची सवयच राहिली नाही हो. तुम्ही असता ना.”

तिचे डोळे भरून आले होते. काहीतरी बोलून तिचं समाधान करायला हवं, असं त्याला वाटलं, पण सुचलं ते इतकंच, “तुमच्या मागच्या चाकात हवा कमी आहे. भरून घ्या.”

अध्यक्षांनी घंटी वाजवली. “चला, चला, ऊन होईल. हां, आज शेपटाला कोण?”

एकजण ब्रेक तपासू लागला. दुसऱ्याने हेल्मेटचा पट्टा सोडून पुन्हा बांधला. वकील म्हणाला, “मला बुवा मागे करमत नाही, बोलायला कुणी नसतं.” परत हशा झाला.

“मी राहते,” सिस्टर म्हणाली.

“हे काय बोलणं झालं! तुम्ही तर असताच मागे,” अध्यक्ष म्हणाले. गार्डने शिट्टी डोक्यावरून काढून तिच्या हातात दिली. तिने ती रुमालाने पुसली नाही, तशीच गळ्यात घातली.

एकामागून एक सायकली निघाल्या. जाता जाता प्रत्येकाने त्याला हात केला, लवकर बरे व्हा म्हटलं, आणि प्रत्येकाला त्याने डाव्या हाताने उत्तर दिलं. तो फाटकापाशी उभा राहिला. रस्त्याच्या टोकाला पोचल्यावर सिस्टरने एक पाय खाली टेकला आणि वळून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत होती. कुणी आपल्याकडे असं वळून पाहत असेल तर काय करायचं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. हात वर करावा तर तो मघापासून वर करून दमला होता. तो नुसता उभा राहिला. मग पुढून कुणीतरी तिला हाक मारली आणि ती गेली.

तो चालत घरी आला. चालून चालून शर्ट घामाने चिंब झाला होता. तो अंगातून काढायलाच त्याला बराच वेळ लागला. बादलीत साबण घातला, एका हाताने शर्ट बुचकळला, चोळला, दुसऱ्या पाण्यातून काढला. पिळायची वेळ आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, पिळायला दोन हात लागतात. त्याने एक टोक नळाला अडकवून पाहिलं, गुडघ्यात धरून पाहिलं. पाणी काही निघेना. मग त्याने तो तसाच, जडच्या जड, खिडकीतल्या दोरीवर टाकला आणि समोर खुर्ची ओढून बसला.

शर्टातून थेंब पडत होते. दुपारपर्यंत घरात तेवढाच आवाज होता.