पालथा ग्लास

"तिथे नका बसू. ते टेबल धरलेलं आहे," हातातला ट्रे सावरत मामा लांबूनच म्हणाले.

खुर्ची ओढता ओढता दोघं तरुण थांबले. खिडकीजवळच्या त्या टेबलावर एक ग्लास तेवढा पालथा घातलेला होता.

"कोणी धरलंय? इथे तर काळं कुत्रंसुद्धा नाही."

"सातपर्यंत धरलेलं असतं. सातनंतर खुशाल बसा."

दोघं कुरकुरत दुसरीकडे गेले. काउंटरवरून मालकाने कपाळाला हात लावला. सात आठवडे हे असंच चाललं होतं.

बारचा हा जुना रिवाज, आताच्या मालकाच्या वडिलांपासूनचा. रोजच्या माणसाच्या टेबलावर त्याचा ग्लास पालथा ठेवायचा. तो दारात दिसला की सुलटा करायचा आणि त्याचं बूड खुर्चीला टेकण्याआधी त्याचं नेहमीचं समोर हजर करायचं. त्याने मागायचं नाही, आपण विचारायचं नाही. 'काय आणू?' हा प्रश्न परक्यांसाठी. मामांना आयुष्यात अभिमान वाटावा अशी ही एकच गोष्ट होती. बाकी एकतीस वर्षं म्हणजे काउंटर ते टेबल आणि टेबल ते काउंटर. संध्याकाळपर्यंत घोटे सुजून चपलेचा पट्टा रुतायचा. घरी बायको होती तेव्हा ती गरम पाण्याची बादली तयार ठेवायची. ती गेल्यावर पाणी कोण तापवणार, म्हणून मामा तसेच झोपायचे.

खिडकीचं टेबल होतं एका रोजच्या गिऱ्हाइकाचं, लिफ्टवाल्यांचं. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा त्यांचा धंदा. संध्याकाळी सहाला अवजारांची बॅग दाणकन खाली ठेवून ते टेकायचे. रम, गरम पाणी, लिंबाची फोड वेगळी. "दिवसभर लोकांना वर पाठवतो मामा," ते म्हणायचे, "पण सगळे परत खाली येतात. देवापेक्षा माझा धंदा बरा." हा विनोद मामांनी बावीस वर्षांत हजारदा ऐकला असेल, आणि हजारदा ते हसले होते. लिफ्टवाल्यांचा कुठला गुडघा दुखतो, मुलगी कितवीत नापास झाली होती, सगळं मामांना ठाऊक होतं. घर कुठे आहे, ते तेवढं ठाऊक नव्हतं. विचारण्याची वेळच आली नव्हती. त्यामुळे माणूस यायचा बंद झाल्यावर शोधायला जायचं तरी कुठे? मामा रोज ग्लास पालथा घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, फरशी पुसायचं काम चालू असताना, एक बाई दारात येऊन उभी राहिली. तिशीची, खांद्याला पर्स, आत यावं की नको अशी.

"मामा तुम्हीच का?"

नाक बघूनच मामांनी ओळखलं. "तू लिफ्टवाल्यांची मुलगी. ये, बस. कसे आहेत ते?"

ती बसली नाही. उन्हाळा, रहदारी, असं काहीबाही बोलत राहिली. शेवटी मामाच म्हणाले, "पोरी, ताकाला येऊन भांडं कशाला लपवतेस? सांग काय ते."

"बाबा दवाखान्यात होते. लिव्हर गेलंय. डॉक्टर म्हणाले, यापुढे एक घोट जरी घेतला तर आम्ही हात टेकले." तिने पर्सचा पट्टा पिळला. "घरी आलेत, पण तोंडाला कुलूप. आई बोलते, मी बोलते, ते भिंतीकडे बघतात. काल एवढंच म्हणाले, मला मामांकडे जाऊन बसायचंय. प्यायला नाही, नुसतं बसायला. आई नको म्हणत होती. मीच म्हटलं, जाऊ दे. उद्या येतील. तुम्ही..."

"माझ्या हातून एक थेंब जाणार नाही," मामा म्हणाले. "शब्द देतो तुला."

ती गेली. सात आठवड्यांनी माणसाची खबर लागली होती. मामांनी अर्धवट राहिलेली फरशी पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जय्यत तयारी केली. लिंबं कापून सोड्याची बाटली बर्फात घातली. लिफ्टवाल्यांना दारू द्यायची नाही, असं काउंटरवर सांगून ठेवलं. मालक हसला, "मामा, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तो मागणारच."

"ते मागायचे नाहीत. कधीच मागितलेलं नाही."

साडेपाचला एका कचेरीतली आठ माणसं कोणाच्या तरी निवृत्तीची मेजवानी म्हणून घुसली. एकाला बर्फ हवा, दुसऱ्याला नको, तिसऱ्याला खारे दाणे, निवृत्त होणाऱ्याला भाषण करायचंय. मामांच्या पायांचे तुकडे पडायला आले. एवढ्यात मागे दाणकन आवाज झाला. अवजारांची बॅग खाली ठेवल्याचा.

मामांच्या कानांनी ऐकलं आणि हातांनी काम केलं. डोकं मधे आलंच नाही. पालथा ग्लास सुलटा झाला, बाटली कलली, गरम पाणी पडलं, लिंबाची फोड बशीत आली. मामा पाठ फिरवून आठजणांकडे चारएक पावलं गेले, आणि मग त्यांचे पाय जागीच थिजले.

ते वळले. खिडकीशी लिफ्टवाले बसले होते. निम्मे झाले होते. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल पडली होती. दोन्ही हात टेबलावर, आणि हातांच्या मधे तो ग्लास. ते त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी तो उचलायला बोटं पुढे केली.

मामा एकतीस वर्षांत पळाले नव्हते, ते पळाले. ग्लासच्या तोंडावर त्यांनी तळहात दाबून धरला आणि समोरच्या खुर्चीत धपकन बसले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत वेटरने बसायचं नाही, हाही तिथला रिवाजच होता.

ग्लासभोवती लिफ्टवाल्यांची बोटं होती आणि वर मामांचा तळहात. गरम पाण्याची वाफ तळव्याला लागत होती.

"पोरीने सांगितलं होतं ना तुम्हाला?" लिफ्टवाले म्हणाले.

"हो."

"मग?"

"हात चुकला." मामांनी तळहात आणखी दाबला. "तिला शब्द दिला होता मी. तुम्ही आलात आणि हात चुकला हो."

"हात बरोबर होता तुमचा. बिघाड माझ्यात आहे." लिफ्टवाले किंचित हसले. "घरी सगळे दिवसभर विचारतात. गोळी घेतली का, पाणी देऊ का, उशी हवी का, दुखतंय का. जीव नकोसा होतो. इथे कोणी काही विचारत नाही, म्हणून यायचं होतं. ही बॅगसुद्धा रिकामी आहे, नट आवळायचे दोन पाने तेवढे आहेत. तिच्याशिवाय घराबाहेर पडताच येईना."

"मामा!" आठजणांचं टेबल ओरडलं. "बर्फ!"

मामा हलले नाहीत.

मालक जवळ आला. "काय मामा, गिऱ्हाईक झालात की काय? उठा, तिकडे बोंब चाललीय."

"आज माझं तिकडे काम नाही," मामा म्हणाले. मालकाने तळहात बघितला, लिफ्टवाल्यांचा चेहरा बघितला, आणि स्वतः बर्फाचं भांडं घेऊन गेला.

तिकडे निवृत्त झालेल्याचं भाषण सुरू झालं. तो रडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे दोघं तसेच बसून राहिले. वाफ विरली, पाणी गार झालं. केव्हा तरी लिफ्टवाल्यांनी बोटं सोडली. मामांनी हात काढला नाही.

"लिंबू सोडा आहे," मामा म्हणाले. "मुद्दाम गार करून ठेवलाय. रोज करत जाईन. तुम्ही नुसते येऊन बसत जा."

लिफ्टवाल्यांनी मान हलवली. "खरं सांगू मामा? तुमचा हात नसता तर मी घेतला असता. सोडा समोर असता तरी दहा मिनिटांनी मी काउंटरवर जाऊन मागितलं असतं. बावीस वर्षांत कधी मागितलं नाही, ते मागितलं असतं." ते टेबलाचा आधार घेत उठले. "आज तुम्ही हात ठेवलात. रोज कुठे ठेवणार? मी नाही येत आता."

"घरचा पत्ता तरी सांगा," मामा घाईने म्हणाले.

त्यांनी सांगितला. बस बदलून तासाभराचा रस्ता होता. मामांचे घोटे बघून लिफ्टवाले म्हणाले, "तिसरा मजला आहे. लिफ्ट नाही आमच्याकडे." दोघांनाही हसू आलं. मग ते बॅग उचलून हळूहळू दाराबाहेर गेले. मामांनी ग्लास नळाखाली रिकामा केला आणि तिथेच थोडा वेळ पाठमोरे उभे राहिले. माणूस वाचला होता, दिलेला शब्द कसाबसा टिकला होता, आणि तरी त्यांना बायको गेली त्या दिवसासारखं वाटत होतं.

दुसऱ्या संध्याकाळी सहाला मामांच्या हातांनी खिडकीशी ग्लास पालथा घातला. मामांनी हातांना अडवलं नाही.

साडेसहाच्या सुमारास ते दोघं तरुण परत आले. एकाने खिडकीकडे बघितलं आणि स्वतःहूनच म्हणाला, "चल, सात वाजायचेत अजून."

"नाही, बसा," मामा म्हणाले.

त्यांनी ग्लास उचलून ट्रेवर ठेवला. टेबल पुसलं, एकदा पुसून झाल्यावर पुन्हा पुसलं. मग फडकं खांद्यावर टाकून त्यांनी विचारलं, "काय आणू?"