पट्ट्यांची खळ

दुर्पताचा डोळा माझ्यामुळे गेला. दहा लोकांत हे मी अजून बोलली नाही. लाजेनं जीभच उचलत नाही.

बेचाळीसचं साल. जपानी बॉम्ब टाकतील म्हणून गोंदियात आमच्या धर्मशाळेत जखमींसाठी दवाखाना मांडला. धमाक्यानं खिडक्यांच्या काचा उडू नयेत म्हणून त्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या होत्या. वॉर्डन केशोराव मास्तरांनी ते काम मले दिलं. धर्मशाळेचा सैपाक माझ्याच हातचा ना! तांदळाची खळ माझ्याइतकी कोण शिजवणार?

तिथं पाणी भरणारी दुर्पता, सालेकशाकडची गोंडीन. मास्तरांनी दिलेली मोरचुदाची पुडी घेऊन आली. म्हणाली, "बाई, हे खळीत टाका. नाई तं कसर लागते, पट्ट्या खाऊन टाकते."

माझं डोस्कंच फिरलं. "अन्नात इख कालवू? जंगलातून आली अन् मले शिकवून राहिली का तू? चाल, हो बाजूले!" चारचौघींसमोर बोलली. ती बिचारी पुडी ठेवून गेली. मी ती नालीत ओतली अन् मास्तरांनी दुर्पतासमोरच विचारलं तं खळीत टाकलं म्हणून सांगितलं.

पावसाळा सरेपर्यंत कसरीनं खळ खाल्ली. बॉम्बहल्ल्याच्या सरावाच्या आदल्या दिवशी मी पाहिलं, पट्ट्या लोंबत होत्या. मास्तरांना सांगते तं माझी लबाडी उघडी पडते. थुंकी लावून पट्ट्या दाबल्या अन् चूप बसली.

दुसऱ्या दिवशी लोकांना बॉम्बच्या धमाक्याचा अंदाज यावा म्हणून मास्तरांनी मागच्या वावरात सुरुंग उडवला. धडाम! दुर्पता आत माठ भरून राहिली होती. तिच्याजवळच्या खिडकीची काच फुटून सरळ तिच्या तोंडावर आली.

महिन्यानं साहेब चौकशीले आले. "काच काऊन फुटली?" त्यांनी दुर्पतालेच विचारलं. मी दाराआड उभी होती. नाव घेते आता माझं, असंच वाटलं. घेतलं असतं तं बरं झालं असतं.

"सुरुंग जास्त भरला असन, साहेब," ती म्हणाली. "बाईनं माझं ऐकून खळीत मोरचूद टाकलं, म्हणून एकच डोळा गेला. नाई तं दोन्ही गेले असते."

साहेबांनी मले पुढं बोलावून शाबासकी दिली. दुर्पता उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहून हसून राहिली होती.

अन् मी मेलीनं हात जोडून ती शाबासकी घेतली.