पाय धुण्याचा धडा

"कॅन द्या, मी घेतो वर," प्रशांत जिन्यातच म्हणाला.

"नको. माझं मी बघते," विनिताबाई म्हणाल्या आणि पाच लिटरचा कॅन या हातातून त्या हातात करत चढत राहिल्या. दिवा स्टेशनजवळच्या त्यांच्या वस्तीत दोन दिवस नळाला पाणी नव्हतं. घरच्या पिंपातलं शेवटचं पाणी त्यांनी नवऱ्याशी हुज्जत घालून आणलं होतं. आणि ज्याच्यामुळे आपला वर्ग जायची वेळ आली, त्याच्याच हातात ते द्यायचं? वा रे वा.

वर्ग जाईल ही भीती काही उगाच नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये त्यांचं छोटंसं चर्च भरायचं, आणि तिथल्या शब्बाथशाळेत विनिताबाई सतरा वर्षं लहान मुलांना शिकवत होत्या. दर रविवारी मुलांना रांगेत बसवायचं, हाताची घडी घालायला लावायची, गोष्ट सांगायची, बायबलमधलं सुवर्णवचन पाठ करून घ्यायचं. ज्याचं पाठ होईल त्याला रंगीत चित्राचं कार्ड. सतरा वर्षांत कुणाची एक तक्रार नाही. पण यंदा पाळकसाहेबांच्या डोक्यात आलं, की शिकवणाऱ्यांनाही शिकवलं पाहिजे. त्यासाठी ठाकुर्लीहून निशिगंधा नावाची मुलगी आली होती. ती शिकवणार तेही वहीतून नाही, करून. प्रत्येकाने खऱ्या मुलांसमोर दहा मिनिटं धडा घ्यायचा, ती मागे बसून लिहिणार, आणि तिचा कागद बघून चर्चची पंच कमिटी वर्ग वाटणार. वर्ग होते तीन आणि शिकवणारी माणसं चार; चौथा प्रशांत, यंदाच आलेला.

विनिताबाईंच्या वाट्याला येशूने शिष्यांचे पाय धुतले तो धडा आला होता. "नुसता सांगायचा नाही हं, मावशी," निशिगंधाने बजावलं होतं. "खरंच धुवायचे."

आता पाय धुणं म्हणजे विनिताबाईंच्या हातचा मळ. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात त्या आयाबाई होत्या. दिवसाला पंधरा-वीस पेशंट पुसून काढायचे, त्यांचे पाय धुवायचे, चादरी बदलायच्या. तरी सकाळपासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. चहा होईस्तोवर त्यांनी चारदा पिंपाचं झाकण उघडून आत पाहिलं. हॉलवर आल्यावर परात आधी खिडकीखाली मांडली, मग दाराशी, मग परत खिडकीखाली. टॉवेलची घडी तीनदा मोडली. समोर प्रशांतचा धडा रंगला होता, मुलं पुठ्ठ्याची होडी ओढत खिदळत होती, आणि यांच्या कानात त्यातला एक शब्द शिरत नव्हता. रविवारचा हा एक तास गेला तर आपल्याला 'बाई' म्हणणारं आहे कोण? हॉस्पिटलात त्या 'ए मावशी' होत्या, आणि घरी तर नावाने हाकच नव्हती.

"चला, मावशी. दहा मिनिटं," निशिगंधा म्हणाली.

बारा मुलं खुर्च्यांवर ओळीने बसली. परातीत पाणी पडलं. विनिताबाई गुडघ्यांवर बसल्या, पर्समध्ये हात घातला आणि रबरी हातमोजे काढून चढवले.

हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी ठरवलंही नव्हतं. पाणी आणि समोर दुसऱ्याचे पाय दिसले की मोजे चढवायचे, हे इतक्या वर्षांत हातांच्याच अंगवळणी पडलं होतं.

"पाय पुढे. दुसरा. झालं, पुढचा."

चार मुलं त्यांनी दोन मिनिटांत उरकली, तीही अगदी बोटांच्या बेचक्यांपर्यंत स्वच्छ. त्यांना थोडा धीर आला. बघ म्हणावं बये, असं काम येतं का कुणाला. येशूचं नाव घ्यायचं राहून गेलंय, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं.

पाचवी नयन, सहा वर्षांची, एरवी घटकाभर गप्प न बसणारी. तिने पाय पुढे केलाच नाही. उलट खुर्चीखाली ओढून घेतला.

"दे ना गं पाय."

"बाई," नयन हळूच म्हणाली, "माझ्या पायाला काय झालंय?"

"कुठं काय झालंय?"

"मग तुम्ही हे का घातलंय? आजीच्या पायाला जखम झालेली ना, वास यायचा, तेव्हा सिस्टर हे घालायची."

धुऊन झालेली चारही मुलं आपापले पाय उचलून बघायला लागली.

विनिताबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मोजे ओरबाडून काढले, तर आत दुसरीच पंचाईत. फिनेलने आणि ब्लीचच्या पाण्याने सोललेले, भेगाळलेले ते हात. उपासनेला बसल्यावरही त्या ते पदराखाली ठेवायच्या. हे पोरीच्या मऊ पायाला लावायचे? काही झालं नाही तुझ्या पायाला, एवढंच तर म्हणायचं होतं. पण त्यांनी हात पदराखाली ओढून घेतले. परातीतल्या पाण्याकडे बघत त्या नुसत्या बसून राहिल्या. निशिगंधाच्या मोबाइलचा गजर वाजला तेव्हा आठ मुलांचे पाय कोरडेच होते.

निशिगंधा वाईट मुलगी नव्हती. तिने त्यांना बाजूला घेतलं. "मावशी, तुम्ही पाय छान धुतलेत, पण मुलांकडे एकदाही बघितलं नाहीत. मी जे झालं तेच लिहिणार. राग नका मानू."

"लिही बाई. खोटं कशाला लिहायचं."

छोट्यांचा वर्ग प्रशांतला मिळाला. विनिताबाईंनी हजेरी घ्यायची आणि खाऊ वाटायचा, असं ठरलं. त्या बरं म्हणाल्या. परातीतलं पाणी त्यांनी संडासाच्या बादलीत ओतलं, कारण दिव्यात पाणी कुणी फेकून देत नाही. मग नयनला शोधायला वळल्या, तर मुलं केव्हाच घरी पळाली होती. दिवसभर त्यांना फार फार वाईट वाटत राहिलं.

सोमवारी हॉस्पिटलात सात नंबरच्या खाटेवर शांताबाई होत्या. कोपरीची म्हातारी, तापाने पार गळून गेलेली. विनिताबाईंनी तिला खाटेच्या कडेला बसवलं, खाली टब ठेवला आणि सवयीने खोक्यातून मोजे ओढले. एक तर चढवलाही. मग त्यांनी टबाकडे पाहिलं. जखम नाही, काही नाही, साधे म्हाताऱ्या माणसाचे पाय. त्यांनी मोजा उतरवला आणि उघडे हात पाण्यात घातले. भेगा चरचरल्या.

"पाणी गार नाही ना लागत, आजी?"

शांताबाईंनी मान वर केली. हॉस्पिटलातल्या नऊ दिवसांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"हात किती खरखरीत गं तुझे," त्या म्हणाल्या. "आज ते रबराचं नाही घातलंस?"

"नाही."

"का गं?"

विनिताबाईंनी म्हातारीची टाच तळहातावर घेतली आणि पहिल्यांदाच मान उचलून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुमच्या पायांना काही झालेलं नाही, आजी," त्या म्हणाल्या. "चांगले आहेत पाय."

शांताबाईंनी दुसरा पाय आपणहून पुढे केला.