विसावं नाव

यंदा विद्यापीठाने परिपत्रकांचा असा सपाटा लावला होता, की सकाळी आलेलं परिपत्रक दुपारच्या चहापर्यंत टिकलं तरी खालापूर तालुक्यातल्या त्या छोट्या सायन्स कॉलेजात सगळ्यांना नवल वाटे. जुलै उजाडला तरी अभ्यासक्रमाचा पत्ता नव्हता, वेळापत्रक नव्हतं. अशात प्राचार्यांनी सांगितलं, की पहिल्या वर्षाला वनस्पतीशास्त्र आणि प्राणीशास्त्र यांतला एकच विषय राहील. शनिवारी पाच वाजता ज्याच्या यादीत मुलं जास्त, तो. प्रवेश सोमवारपर्यंत सुरू राहतील, पण विषयाचा निकाल शनिवारीच. आणि मुलं सारखीच निघाली, तर दोघी शिक्षिकांपैकी जिच्याकडे पीएचडी आहे तिचा विषय.

पीएचडी समीक्षाकडे होती. सफुराकडे नऊ वर्षं होती.

नऊ वर्षं सफुरा तासिका तत्त्वावर वनस्पतीशास्त्र शिकवत होती. दर वर्षी नवी नेमणूक आणि दर एप्रिलला परत घरी. तिचा नवरा तौकीर याचं कर्जतच्या बाजारात कापडाचं दुकान होतं, आणि तो दर एप्रिलला म्हणायचा, "आता पुरे कर, दुकानात बस." सफुराला दुकानात बसायचं नव्हतं. रस्त्यात कुणी पोरगी थांबून 'मॅडम' म्हणाली की तिचा अख्खा दिवस बरा जायचा. ते एकदा सुटलं की आपण फक्त दुकानदाराची बायको उरणार, या भीतीने तिची झोप उडाली होती.

आणि प्राणीशास्त्राची समीक्षा? तिला येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. शेतकऱ्याची पोर, बोलायला मोकळी, हसायला त्याहून मोकळी. मुलं सफुराला 'आपा मॅडम' म्हणतात हे तिने ऐकलं आणि दुसऱ्याच दिवसापासून ती नुसतंच 'आपा' म्हणू लागली. आपा, डबा खाल्ला का? आपा, ही साडी छान दिसते. मोठ्या बहिणीचं हे नातं तिने न विचारता लावून टाकलं, हे सफुराला आत कुठेतरी टोचायचं. मुलांनाही तिने असंच खिशात घातलं असणार, असं तिला वाटे.

मुलं कमी पडतात म्हणून या कॉलेजचे शिक्षक दर वर्षी गावोगाव फिरून प्रवेश गोळा करत. समीक्षाकडे गाडी नव्हती. त्यामुळे बुधवारी सफुराच्या स्कूटरवर, सफुराच्याच पेट्रोलवर, सफुराची प्रतिस्पर्धी मागे बसून भिवपुरीकडे निघाली. वीजघराच्या वसाहतीपाशी स्कूटर लावायची आणि पुढे वाडीपर्यंत चढ चढायचा. वाडीत फोनला रेंज नाही, पण बारावी सायन्स झालेली एक मुलगी आहे, अशी खबर होती. तिचं नाव हिरू.

हिरूचा बाप धाऊ ओटीवर बसला होता. सफुराने त्याला विषयाचा स्कोप समजावून सांगितला, पुढच्या नोकऱ्या सांगितल्या. धाऊने जांभई दिली.

"लावणी होऊ द्या," तो म्हणाला. "मंग बगू."

तेवढ्यात समीक्षा गोठ्याकडे गेली. तिथल्या शेळीचे डोळे चिकटले होते. समीक्षाने पदर खोचला, कोमट पाणी मागितलं, डोळे पुसून दिले, औषधाचं नाव सांगितलं. दहा मिनिटांत निम्मी वाडी तिच्याभोवती गोळा झाली. धाऊ उठून उभा राहिला. त्याने तिच्यासाठी चहा टाकायला सांगितला, आणि तिच्यासाठी टाकलेल्या चहातलाच एक कप सफुरालाही मिळाला.

सफुरा अंगणात एकटी उभी राहिली. हिरू तिच्या शेजारी येऊन म्हणाली, "मॅडम, या भाजीला पुस्तकात काय म्हनतात?"

दारात भारंगीचं झुडूप होतं. सफुराचं सगळं लक्ष शेळीकडे. तिने मान न वळवता शास्त्रीय नाव सांगून टाकलं. थोड्या वेळाने पाहिलं तर हिरू तळहातावर पेनने काहीतरी लिहीत होती. शेळीचं औषध लिहितेय, सफुराच्या मनात आलं.

परतताना हिरू वसाहतीपर्यंत सोडायला आली. ती आणि समीक्षा पुढे, सफुरा मागे, धापा टाकत. पुढे खुसूखुसू बोलणं चाललेलं, मध्येच हसणं. शेवटी समीक्षाने कॉलेजच्या पत्रकावर एक नंबर लिहून हिरूच्या हातात दिला. दिला स्वतःचा नंबर, सफुरा मनात म्हणाली, पेट्रोल माझं आणि पोरगी हिची. वसाहतीपाशी तिने रागारागाने स्कूटर चालू केली. समीक्षा मात्र मागे बसून गाणं गुणगुणत होती.

शुक्रवारी सकाळी यादीत वनस्पतीशास्त्राला एकोणीस नावं होती आणि प्राणीशास्त्राला अठरा. सफुराने ती यादी तीनदा वाचली. दुपारी प्रयोगशाळेत असताना तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर. स्क्रीनवर मेसेजची पहिली ओळ तेवढी दिसली: 'मॅडम मी हिरू. समीक्षा मॅडमना सांगा बा हो बोलला...'

समीक्षाला सांगा. म्हणजे एकोणीस-एकोणीस. म्हणजे पीएचडी.

सफुराने मेसेज उघडला नाही. उघडला की निळ्या खुणा दिसतात. तिने तो बोटाने बाजूला सारला. पाठोपाठ कागदपत्रांचे फोटो आले, तेही सारले. समोर समीक्षा परीक्षानळ्या धुवत होती, स्वतःच्याही आणि सफुराच्याही. "कुणाचा मेसेज, आपा?" तिने विचारलं.

"दुकानातून," सफुरा म्हणाली. मला काय पडलंय, तिने स्वतःला समजावलं. ज्याला गरज असेल तो स्वतः येईल. रात्री मात्र तौकीर दुकानाबद्दल काही बोलला तर ती त्याच्यावर उगीच खेकसली.

शनिवारी सफुरा प्रवेशाच्या टेबलावर बसली. साडेचारपर्यंत कुणी आलं नाही. पावणेपाचला एक मुलगा घामाघूम होत आला. त्याचं नाव जितेश. मुंबईच्या कॉलेजच्या यादीत नाव लागेल म्हणून थांबला होता, लागलं नाही.

"कुठला विषय?" सफुराने विचारलं.

"प्राणीशास्त्र. मासे पाळायचेत घरी."

फॉर्मवर सही सफुरालाच करावी लागली. पाच वाजता प्राचार्यांनी दोन्ही याद्या मोजल्या, चष्मा पुसला, पुन्हा मोजल्या. मग तिच्याकडे न पाहता म्हणाले, "नाइलाज आहे, मॅडम."

ती प्रयोगशाळेत येऊन आपले चार्ट भिंतीवरून काढू लागली. समीक्षा मागोमाग आली आणि दारातच रडायला लागली. डोळ्यांतून घळाघळा, नाक लाल, कसलीही लाज न बाळगता. सफुराच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. नोकरी माझी गेली, तर त्यावर रडतेही हीच माझ्यापेक्षा बरी, असं तिच्या मनात आलं, आणि त्या घटकेलाही तिला समीक्षाचा हेवा वाटला.

"एका नावानं गेलं, आपा," समीक्षा म्हणाली. "मला वाटलं होतं ती हिरू येईल. वाटभर तुमच्याबद्दल विचारत होती. मॅडमनी न बघता नाव सांगितलं म्हणे, एवढं कसं पाठ असतं? तुमचा नंबर लिहून दिला होता मी तिला. आलाच नाही का तिचा मेसेज?"

सफुराच्या हातातला चार्ट आपोआप गुंडाळला गेला. नाही म्हणणं सोपं होतं. तोंड उघडलंही तिने. पण तोच टेबलावरचा फोन वाजला, त्याच नंबरावरून: 'मॅडम फॉर्म भरला ना? बाला सांगितलं मी भरला म्हनून.'

दोघींनी तो मेसेज वाचला. मग सफुराने फोन उचलून पहिला मेसेज उघडला आणि फोन समीक्षाच्या हातात दिला. समीक्षा हळू आवाजात वाचू लागली.

"मॅडम मी हिरू. समीक्षा मॅडमना सांगा बा हो बोलला, शेळीचे डोळे उघडले. आमच्याकडं रेंज नाय, वसाहतीत येऊन पाठवते. माझा फॉर्म तुमी भराल का? मला तुमचा झाडांचा विषय पायजे. भारंगीचं नाव हातावरून पुसलं, परत सांगा."

खाली तारीख होती, शुक्रवारची, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. समीक्षाने ती पाहिली. परीक्षानळ्यांच्या स्टँडकडे पाहिलं. 'दुकानातून' हा शब्द तिला आठवला असणार, कारण तिने डोळे पुसले आणि पुन्हा रडली नाही. ती ओरडली असती तर सफुराला बरं वाटलं असतं.

समीक्षाने कॉम्प्युटर चालू केला. प्रवेशाचा फॉर्म उघडला. हिरूचं नाव टाकलं, बापाचं नाव टाकलं. विषयाच्या रकान्यात आता एकच विषय दिसत होता. तिथे बोट क्षणभर थांबलं आणि मग तिने तोच निवडला. ज्या गोष्टीच्या भीतीने सफुराने मेसेज दडवला होता, तीच तिच्या डोळ्यांसमोर होत होती. हिरू समीक्षाची झाली होती.

समीक्षाने फोन तिच्यापुढे सरकवला.

"मार्कशीटवरचा नंबर वाचून दाखवा," ती स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली, "मॅडम."

दोन वर्षांत पहिल्यांदाच ती तिला मॅडम म्हणाली होती. सफुराने फोटो मोठा केला आणि एकेक आकडा वाचू लागली. मध्येच तिच्या लक्षात आलं, की आपण पुढच्या 'आपा'ची वाट बघत थांबतोय, आणि ती पुढचा आकडा वाचू लागली.